‘अंशीवरच होती’ मधला ‘च’

‘जास्त नव्हती जी डॉक्टरसाहेब, सत्तर-अंशीवरच होती गाडी.’

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता पेशंटचा बाप तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू येतं. परवाही तेच झालं. मुलगा तेवीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, रात्री आठच्या सुमारास, बोरगाव मंजूच्या अलीकडे कापूस भरलेल्या ट्रॉलीवर मोटारसायकल घेऊन मागून धडकला. हेल्मेट होतं, पण आरशाला लटकवलेलं. जीव वाचला. आता त्याला झटके येतात, त्याच्या गोळ्या माझ्याकडे चालू आहेत. आई आतल्या आवाजात सांगत होती, की पूर्वी हा कुणाला वर मान करून बोलायचा नाही, आता भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिरकावतो. तिला हे सांगताना लाज वाटत होती. मी तिला सांगितलं, बाई, हा त्याचा स्वभाव नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की असं होतं. तेवढ्यात वडिलांनी ते वाक्य उच्चारलं, आणि पुढे जोडलं, ‘काळ आला होता, वेळ नव्हती.’

आज मला या ‘अंशीवरच’ मधल्या ‘च’शी भांडायचं आहे. काळ-वेळेशी नंतर बघू.

आधी रस्त्याबद्दल. अमरावती-अकोला हा रस्ता किती वर्षं कसा होता हे तुम्हाला सांगायला नको. मग जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना या भागात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एका पदराचा डांबरी काँक्रीटचा थर सलग टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, २५ किलोमीटरच्या थोडा वर. मलाही अभिमान वाटला, मीही ती बातमी चार ग्रुपवर पाठवली. पण डॉक्टर म्हणून एक गोष्ट तेव्हाच मनात आली होती. खड्डे आपली कंबर मोडत होते हे खरं, पण तेच खड्डे आपला वेगही धरून ठेवत होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर ज्याचा हात मोडायचा, त्याचं गुळगुळीत रस्त्यावर डोकं फुटतं. दोष डांबराचा नाही. गुळगुळीत रस्त्यावर ऐंशी हा आकडा साठसारखाच वाटतो, हवा तेवढी थोडी जास्त लागते, एवढंच. शरीराला मात्र तो साठसारखा वाटत नाही.

कारण आपण वेगाचा हिशोब बेरजेने करतो. साठवरून ऐंशीवर गेलो म्हणजे वीस वाढले. निसर्ग हा हिशोब वर्गाने करतो. वेग दुप्पट झाला की गाडीत आणि तुमच्या अंगात साठलेली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट वेगाला नऊपट.

बारावीला फिजिक्सने मलाही रडवलं होतं, म्हणून सूत्र बाजूला ठेवू. साधारण तीनशे वर्षांपूर्वी, १७२० च्या दशकात, ग्रावेसांडे नावाच्या डच प्राध्यापकाने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगाने पडणारा गोळा दुप्पट खोल जाईल असं कुणालाही वाटेल. तो चौपट खोल गेला. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत गोटी टाकून हा खेळ तुम्हालाही करता येईल. तीनशे वर्षं झाली, अजून आपल्या ‘च’ला ही बातमी पोचलेली नाही.

आता हाच हिशोब उंचीत मांडू, कारण उंचीची भीती आपल्याला उपजत असते. ताशी ४० च्या वेगाने भिंतीला धडकणं म्हणजे सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दोन मजल्यांवरून खाली पडणं. ६० म्हणजे १४ मीटर, पावणेपाच मजले. ८० म्हणजे २५ मीटर, आठ मजले. १०० म्हणजे ३९ मीटर, तेरा मजले. मोटारसायकलवरून पडलेला माणूस पुष्कळदा रस्त्यावर घसरत जातो आणि बरीचशी ऊर्जा कातडी सोलण्यात संपते, हे खरं आहे. अशा घसरलेल्या लोकांना ड्रेसिंग करून मी घरी पाठवतो. पण घसरताना मध्ये दुभाजक, खांब किंवा ट्रॉली आली तर पूर्ण मजले वसूल होतात. आठव्या मजल्याच्या गच्चीला कठडा नसेल तर तुम्ही पोराला तिकडे फिरकूही देणार नाही. त्याच पोराला गाडीची चावी देताना ‘हळू जा रे’ एवढ्यावर भागवता.

याहून वाईट हिशोब ब्रेकचा आहे. तो नीट वाचा, हवं तर दोनदा.

समोर काही दिसलं की मेंदूला ते कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत निदान एक सेकंद जातो. दारू प्यायलेली असेल, झोप आली असेल किंवा कानाला मोबाइल असेल तर जास्तच. या एका सेकंदात गाडी अजिबात हळू होत नाही. ६० ने चाललेली गाडी तेवढ्यात पावणेसतरा मीटर पुढे जाते, ८० ने चाललेली बावीस मीटर. त्यानंतर ब्रेक लागतो. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि चांगले ब्रेक धरले, दर सेकंदाला ताशी एकवीस-बावीस किलोमीटरने वेग उतरतो असं मानलं, तर साठवाली गाडी आणखी तेवीस मीटरवर थांबते. एकूण चाळीस मीटर.

आता असं समजा की दोन मित्र शेजारी-शेजारी चालले आहेत, एक साठने, एक ऐंशीने. बरोबर चाळीस मीटरवर दोघांना एकदमच ट्रॉली दिसली. दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. साठवाला ट्रॉलीला चाक टेकवून थांबतो, चार शिव्या देतो आणि पुढे जातो. ऐंशीवाला त्याच जागी पोचतो तेव्हा त्याचा वेग किती असेल? दहा? वीस? बहुतेक जण वीस म्हणतात, कारण साठ वजा झाले आणि वीस उरले असा बेरीज-वजाबाकीचा हिशोब. खरं उत्तर आहे साठ. होय, ताशी साठ किलोमीटर. एक मित्र शून्यावर आला, तेव्हा दुसरा साठने लोखंडात घुसतो आहे. पावणेपाच मजले. दोघांच्यात फरक फक्त वीसचा होता.

‘फक्त’ आणि ‘च’ ही एकाच घरची भावंडं आहेत.

मी मुद्दाम चाळीस मीटर घेतले. मोटारसायकलचा लो बीम डांबरी रस्त्यावर साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच कामाचा उजेड देतो. समोरून ट्रक डोळ्यांत लाइट मारत येत असेल तर तेवढाही नाही. म्हणजे रात्री लो बीमवर ऐंशीने जाणारा माणूस, आपल्याला जेवढं दिसतं त्याच्या पलीकडे गाडी चालवत असतो. उजेडात काही येतं तेव्हा थांबायची वेळ निघून गेलेली असते. आणि आपल्याकडे उजेडात काय काय येऊ शकतं? हंगामात कापसाच्या, सोयाबीनच्या, तुरीच्या ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. बैलबंडी. रोही, म्हणजे दोन क्विंटलचं जनावर, कुठूनही उडी मारून मध्ये उभं राहतं. रानडुकरं तर विचारूच नका.

इथे लोक मला अडवतात. म्हणतात, चूक ट्रॉलीवाल्याची होती. मान्य आहे. अंधारात बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर काढणं गुन्हा आहे, आणि वीस रुपयांची लाल पट्टी न चिकटवणारा मालक मला कुठे भेटला तर मी त्याला चांगलाच सुनावतो. पण त्या ट्रॉलीचा दिवा तुमच्या हातात नाही. रेस तुमच्या मनगटात आहे. चूक कुणाची हे पंचनाम्यात ठरतं, मेंदूत रक्त कुणाच्या साचतं हे वेगात.

दुसरा आक्षेप कायद्याचा. ‘ऐंशीची तर परवानगी आहे!’ केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत चारपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारसायकलला कमाल ८० आहे, बरोबर. कमाल. गोळीच्या पाकिटावर कमाल डोस लिहिलेला असतो म्हणून तुम्ही रोज तेवढा घेता का? हा आकडा उजेडाचा, कोरड्या आणि मोकळ्या रस्त्याचा आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालानुसार त्यातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. आणि हेल्मेट नसल्याने गेलेले पन्नास हजारांवर.

हेल्मेटवर आलो आहे तर तेही भांडण उरकतो. ‘गावातल्या गावात हेल्मेट काहाले पायजे?’ राजकमल चौकापासून पंचवटीपर्यंत मी हा प्रश्न ऐकतो, आणि विचारणाऱ्यात शिकलेली माणसं जास्त असतात. गाडी समजा उभीच आहे. वेग शून्य. तोल गेला आणि दीड मीटर उंचीवरून डोकं रस्त्यावर आपटलं. जमिनीला टेकताना डोक्याचा वेग ताशी वीसच्या जवळ असतो. डांबर दबत नाही, त्यामुळे डोक्याला थांबायला मिळते जेमतेम तीन-चार मिलिमीटर जागा. हेल्मेटच्या आत जो थर्माकोलसारखा थर असतो तो चिरडतो आणि तीच जागा अडीच-तीन सेंटिमीटर करतो. थांबायला सात-आठपट अंतर मिळालं की झटका सात-आठपट कमी होतो. हेल्मेट एवढंच करतं. जादू नाही, जागा देतं. म्हणून चिरडायला ज्यात काहीच नाही अशी प्लास्टिकची टोपी निरुपयोगी आहे, आणि हनुवटीखाली पट्टा न लावलेलं चांगलं हेल्मेटही. ते तुमच्या आधी रस्त्यावर पोचतं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो. एवढा गुण देणारी गोळी असती तर तुम्ही दुकानापुढे रांग लावली असती.

डोक्याच्या आत काय होतं तेही ऐका. मेंदू कवटीला घट्ट चिकटलेला नाही, तो पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. तो पुढे आपटतो, कधी उलटून मागे आपटतो. बाहेर एक खरचटाही नसताना आत रक्त साचू शकतं. म्हणून मार लागून क्षणभर बेशुद्ध झालेला माणूस उठून बसला, पाणी प्याला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी त्याला घरी नेऊन झोपवू नका. तासा-दोन तासांनी उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, एका बाजूची बाहुली मोठी, यातलं काहीही दिसलं तर थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी. हळद-दूध नंतर.

आणि ते टाकीवर बसवलेलं लेकरू. किंवा कारमध्ये पुढच्या सीटवर आईच्या मांडीवरचं. ‘मी धरून आहे ना घट्ट!’ कार ५० ने आदळून पाऊण मीटरात थांबली, तर दहा किलोचं बाळ त्या क्षणी सव्वाशे किलोच्या वर भरतं. सव्वा क्विंटलचं पोतं दोन हातांत झेलून दाखवा, मग बोलू.

आता काळ आणि वेळ. त्या बापाला मी काहीच बोललो नाही. मुलाची गाडी त्यानेच घेऊन दिली होती, ‘काळ’ या शब्दामागे तो उभा आहे, तिथून त्याला ओढून मला काय मिळणार? पण तुमच्या घरी अजून काही घडलेलं नाही, म्हणून तुमच्यासमोर कठोर बोलतो. अमरावती ते अकोला सुमारे शंभर किलोमीटर. साठने गेलात तर शंभर मिनिटं, ऐंशीने पंचाहत्तर. पंचवीस मिनिटं वाचतात, खोटं कशाला बोलू. त्यातली पंधरा मूर्तिजापूरच्या चहात जातात.

आज रात्री एक करा. आपली गाडी घराजवळच्या अंधाऱ्या, रिकाम्या रस्त्यावर कडेला उभी करा, लो बीम लावा, आणि उजेड जिथे विरतो तिथपर्यंत पावलं मोजत चालत जा. तिथे कुणाला तरी काळं घोंगडं पांघरून उभं करा आणि परत गाडीपाशी येऊन पाहा, दिसतो का. माझ्या स्कूटरची पंचावन्न पावलं भरली.