उसनी चाकं

माझा धंदा आकड्यांचा. मी बी.कॉम. आहे, बँकेत क्लार्क आहे, आणि चाळिशी ओलांडून इतके दिवस झाले की आता ती मागे वळून पाहिली तरी दिसत नाही. इतकी वर्षं लोकांची खाती जुळवून मी एकच शहाणपण कमावलं: येतं ते नावे, जातं ते जमा, आणि दोन्ही बाजू जुळल्याशिवाय दिवस बंद होत नाही. हे शहाणपण घरात वापरायला गेलं की घरचे लोक चिडतात, हा भाग वेगळा.

गेल्या पोळ्याची गोष्ट. सगळं मुकुटबन बैलांची शिंगं रंगवण्यात गुंतलेलं, आणि आमचा पुतण्या अंगणात येऊन म्हणतो,

"काका, आबांच्या गाडीले आर-फिफ्टीनचे चाकं अन् शॉकअप लावून राहिलो."

ज्या दिवशी बैल सजवायचे त्या दिवशी याला गाडी सजवायचं सुचलं, इथपर्यंत मी समजू शकतो. पण आबांची गाडी म्हणजे माझ्या वडिलांची यामाहा आरएक्स 100. ही गाडी आपल्याकडे 1985 मध्ये आली आणि 1996 मध्ये बंद झाली. आमची 1991 ची. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरांनी पगारातून पैसे साठवून घेतलेली. तिच्यावर बाबा शाळेत गेले, आजीला दवाखान्यात घेऊन गेले, आणि माझ्या लग्नाच्या पत्रिकाही तिच्यावरूनच वाटल्या गेल्या. (या शेवटच्या कामाबद्दल गाडीला मी दोष देत नाही.)

पुतण्याला हवे होते 2021 च्या मॉडेलचे ते सोनेरी, उलटे शॉकअप, पुढे-मागे रुंद टायरची मॅगव्हीलं आणि मागे दोन शॉकअपच्या जागी एकच मोनोशॉक. मी त्याला घेऊन मिस्त्रीकडे गेलो. मला वाटलं, जाणता माणूस आहे, पोराला चार शब्द समजावून सांगेल. मिस्त्रीने गाडीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, माझ्या खिशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "जमते ना भाऊ!"

आमच्या भागात मिस्त्रीच्या तोंडून 'जमत नाही' हा शब्द आजवर कोणी ऐकलेला नाही. कर्ज मागायला आलेल्याला आम्ही 'बघू' म्हणतो, तसं हे लोक 'जमते' म्हणतात. एस्टिमेट निघालं 38,000 रुपये. पुतण्या म्हणाला, "हौसेले मोल नसते काका." मी म्हणालो, "मोल नसतं बाबा, पण एस्टिमेट असतं."

तेव्हापासून मी या चाकबदलू पंथाच्या विरुद्ध उघड उभा आहे. पंथ मोठा आहे. गावोगावी जुन्या गाड्यांना नव्या गाड्यांचे पाय लावणं चालू आहे, आणि विरोध करणाऱ्याला म्हातारा ठरवतात. ठरवा. पण आधी हिशेब ऐका.

मागचं चाक घ्या. जुना टायर 2.75-18, म्हणजे पावणेतीन इंच, सुमारे सत्तर मिलिमीटर रुंद. नवा 140/70-17, म्हणजे एकशेचाळीस मिलिमीटर. बरोब्बर दुप्पट! सत्तरच्या टायरसाठी केलेल्या चिमट्यात एकशेचाळीसचा टायर मावत नाही. मग चिमटा बदला. चिमटा बदलला की चेनची रेषा सरकते. मग चेनसॉकेट सरकवा. बरं, रिम अठराचा सतरा झाला म्हणून चाक लहान होईल म्हणावं, तर तेही नाही. टायरच्या भिंतींसकट मोजलं तर जुनं चाक सुमारे 597 मिलिमीटर उंच भरतं आणि नवं 628. घेर पाच टक्क्यांनी वाढला, म्हणजे चाकाशी मिळणारी ओढ जवळपास तेवढीच घटली. अकरा घोड्यांतला अर्धा घोडा पोळ्यालाच गेला म्हणा! पाच टक्के म्हणजे काय चीज असते ते आमच्या कर्जदारांना विचारा. एक कर्ज फेडायला दुसरं आणि दुसरं फेडायला तिसरं, अशा वाटेला लागलेली माणसं मी रोज काउंटरपलीकडून बघतो. मोटारसायकल त्या रांगेत प्रथमच पाहिली.

आता पुढची बाजू. पुढचं चाक तिरप्या दांड्यांत बसवलेलं असतं. हँडल ज्या आसावर फिरतं त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर चाक तिच्या थोडं मागे टेकतं. या मागे राहण्याला 'ट्रेल' म्हणतात. हळदीकुंकवाला निघालेल्या बायकोमागून पिशवी घेऊन दोन पावलं मागे चालणारा नवरा जसा आपोआप योग्य घरी पोचतो, तसं हे चाक मागे राहतं म्हणून सरळ जातं. शॉकअपची लांबी बदलली, किंवा मागची बाजू उचलली गेली, की तो हिशेब बदलतो. अंतर कमी झालं की हँडल चंचल होतं, वाढलं की जड होतं. नवी गाडी करणारे हे अंतर मोजूनमापून ठरवतात. मिस्त्रीला मी विचारलं, "ट्रेल किती येईल?" तो म्हणाला, "ट्रायल घेऊन पाहू ना!"

शिवाय ज्या गाडीचे हे शॉकअप आहेत तिचं वजन 142 किलो. तिच्या स्प्रिंगा आमच्या शंभर किलोच्या गाडीखाली आल्या की दबायलाच तयार नसतात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा. आणि रस्ते आमचे! इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं डांबरही तिच्याबरोबर वरखाली होतं. उरलेलं काम कोळशाचे ट्रक करतात, आणि 2022 मध्ये गावात सिमेंटचा कारखाना सुरू झाल्यापासून त्याचेही. अशा रस्त्यावर आऱ्यांचं चाक खड्ड्यात वाकलं तर मिस्त्री आरे आवळून आऊट काढून देतो. मॅगव्हील तडकलं तर नवंच घ्यावं लागतं.

मोनोशॉकची तर और गंमत. तो जिथे बसायचा त्या मधल्या जागेत आमच्या गाडीत हवेच्या फिल्टरचा डबा आहे. आणि जुन्या सांगाड्याला मागचा भार दोन बाजूंनी, सीटखाली घ्यायची सवय. तो सगळा भार आता मधल्या एका वेल्डिंगवर येणार. म्हणजे दोन जामीनदार काढून टाकायचे आणि सगळं कर्ज एका अनोळखी माणसाच्या सहीवर द्यायचं!

पंथाचे लोक म्हणतील, साहेबांच्या देशातही असं करतात. करत होते ना! 1950-60 च्या दशकांत इंग्लंडमधली पोरं ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या गाडीत बसवत आणि तिला 'ट्रायटन' म्हणत. पण त्यांनी काय केलं ते नीट पाहा. नॉर्टनचा 'फेदरबेड' सांगाडा रस्ता धरण्यात नावाजलेला, म्हणून त्यांनी आधी चांगला सांगाडा घेतला आणि त्यात जोरदार इंजिन टाकलं. आपण जुना सांगाडा तसाच ठेवतो आणि त्याला नवे पाय लावतो. आजोबांना धावण्याचे बूट आणून दिले म्हणून त्यांचे गुडघे तरुण होत नाहीत.

आणखी एक बारीकशी गोष्ट. जुन्या गाडीचा मीटर पुढच्या चाकातून निघालेल्या केबलवर चालतो. नव्या चाकात ती केबल घालायला जागाच नाही, तिथे सगळा विजेचा कारभार. म्हणजे 38,000 रुपये मोजून गाडी वेगवान दिसणार, पण वेग किती ते कळणार नाही. पंथाचं सगळं तत्त्वज्ञान मला या एका गोष्टीत दिसतं.

कायद्याचं मी शेवटी काढलं, कारण कायद्याचं नाव काढलं की पोरं उठून जातात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या दर फेरफारीला 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी सोय करून ठेवली. दोन चाकं, शॉकअप आणि चिमटा असे चार फेरफार धरले तर वीस हजार. ते मी एस्टिमेटात मिळवले. अपघात झालाच, तर न कळवलेल्या बदलावर बोट ठेवायला विमेवाल्यालाही आयतं कारण. आणि आमच्या गाडीला तर दर पाच वर्षांनी यवतमाळला नेऊन आरसी वाढवून आणावी लागते. तिथे तिला कोणाची गाडी म्हणून उभी करायची?

पुतण्या हे सगळं ऐकत होता. पोरगं हुशार आहे. आमच्या घराण्यात कधीतरी असं व्हायचंच. तो म्हणाला,

"काका, मंग पणजोबांनी बंडीले टायर कायले लावले होते?"

मी गप्प झालो. आमच्या आजोबांनी खरंच लाकडी चाकांची, लोखंडी धावेची बंडी मोडून टायरची बंडी केली होती. गाव हसलं होतं, आणि पुढे गावानेही तेच केलं. हा मुद्दा मला दोन दिवस पुरला. दुसऱ्या रात्री अडीच वाजता उत्तर सापडलं. सौ.ला उठवून सांगितलं; ती म्हणाली, "उद्या त्यालाच सांगा." म्हणून सांगतो. आजोबांनी नुसतं चाक बदललं नाही, आखही बदलला, बंडीच नवी बांधली. आणि ती कशासाठी? तर ओढ हलकी व्हावी म्हणून. बदल बैलासाठी होता, बघणाऱ्यासाठी नव्हता. माझं सगळं भांडण एवढंच आहे.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण मी स्वतः या पंथात एकदा दीक्षा घेतली होती. 1998 साल, वणीला बी.कॉम.ला होतो. बाबांना न विचारता याच गाडीला मागे एका मोठ्या गाडीचा रुंद टायर चढवला. अरुंद रिमवर रुंद टायर दोन्हीकडून आवळला जातो आणि त्याचा माथा गोल होतो, हे कॉमर्सला शिकवत नाहीत. चेन त्याला आतून घासते, हेही नाही. पंधरा दिवस मी रुबाबात फिरलो. सोळाव्या दिवशी, श्रावणातल्या पावसात, मुकुटबनकडे येताना वळणावर चेनने कापत आणलेला तो टायर एकदम बसला आणि मी पऱ्हाटीत गेलो. समोरून येणारा ट्रक माझ्या पायापासून हातभर अंतरावरून गेला. डाव्या खांद्याचं मोडलेलं हाड आजही पावसाची बातमी हवामान खात्याच्या आधी देतं.

बाबा एक शब्द बोलले नाहीत. ते गेल्यावर त्यांची खर्चाची वही मी चाळली. त्या तारखेला मास्तरी अक्षरात लिहिलं होतं: 'मागचा टायर, जुन्या मापाचा. रु. 410. पोरगा शाबूत.' आयुष्यभर मी ताळेबंद पाहिले, पण शेवटची बाकी इतकी नेमकी काढलेली पाहिली नाही.

ती वही मी पुतण्यापुढे ठेवली. तो बराच वेळ वाचत बसला, ओळ एकच असूनही. मग हळूच म्हणाला, "पण काका, गाडी थांबत नाही ना. रात्रपाळीले कारखान्यात जातो, समोर ट्रक आला का जीव वर येते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एवढा वेळ मी त्याच्या हौसेशी भांडत होतो आणि त्याच्या भीतीबद्दल विचारलंच नव्हतं. ब्रेकसाठी कोणी काही बदलत असेल तर त्याच्याशी माझं वैर नाही. हिशेब करून, कागद करून, जाणत्या माणसाकडून करा, मी जामीन राहतो. पण त्याआधी जे आहे ते तरी धड करा.

मग दोघांनी मिळून केलं. ड्रम खरादवर घासून घेतले, नवे लायनर टाकले, ब्रेकची केबल बदलली. जुन्याच मापाचे दोन नवे टायर. पुढच्या शॉकअपचे सील आणि तेल, मागचे दोन्ही शॉकअप नवे, चिमट्याचे बुश, हँडलखालच्या बेअरिंगा. बिल झालं 9,200. त्यातले निम्मे मी दिले. ही गोष्ट सौ.ला हा लेख छापून आल्यावर कळेल.

शाळेच्या मैदानावर आधी आणि नंतर अशी परीक्षा घेतली. ताशी चाळीसवरून ब्रेक मारल्यावर गाडी पूर्वी माझ्या पंचवीस पावलांत थांबत होती, आता सोळांत. मधली नऊ पावलं पुतण्याने स्वतः मोजली, दोनदा. रात्रीच्या रस्त्यावर त्या नऊ पावलांची किंमत किती, ते मी त्याला सांगितलं नाही. तो रोज त्याच रस्त्याने जातो.

मी जिंकलो असं समजून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बाबांच्या गाडीच्या टाकीवर लालभडक अक्षरांत स्टिकर: 'आर 15'.

मी चष्मा काढून पुसला आणि काही बोललो नाही. स्टिकरचा ट्रेलवर परिणाम होत नाही.