परदेशातली मांडवली

जानेवारी 2023 मध्ये बँकॉकच्या हुआय ख्वांग भागात रात्रीच्या नाकाबंदीवर पोलिसांनी तैवानच्या एका अभिनेत्रीला अडवले. निमित्त ई-सिगारेटचे होते. तिची सुटका झाली ती 27 हजार बाट, म्हणजे आपले 65 हजार रुपयांच्या घरातले पैसे मोजल्यावर. मायदेशी परतून तिने हा प्रकार समाजमाध्यमांवर सांगितला, तेव्हा पोलिसांनी आधी साफ कानावर हात ठेवले. गदारोळ वाढला, चौकशी लागली आणि मग पैसे घेतल्याची कबुली बाहेर आली. तिने तिथल्या तिथे तक्रार का केली नाही, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांची परक्या देशात गणवेशातल्या माणसाशी अजून गाठ पडलेली नसावी.

या वसुलीचे सगळे भांडवल पर्यटकाच्या परतीच्या तिकिटात असते. परवा विमान आहे, पासपोर्ट समोरच्याच्या मुठीत आहे, भाषेचे अक्षर कळत नाही आणि मोडक्या इंग्रजीत ‘कोर्ट, नेक्स्ट वीक’ एवढेच ऐकू येते. अशा वेळी पैसे काढून देणाऱ्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. त्याने केलेला हिशेब मात्र चूक नसतो. पोलीसही गुन्हा हेरून काढतात. तो किरकोळ असतो, पण बहुतेकदा खरा असतो. बालीत बिनहेल्मेटची स्कूटर, थायलंडमध्ये खिशातली ई-सिगारेट, हॉटेलात राहिलेला पासपोर्ट. इंडोनेशियाच्या वाहतूक कायद्यात हेल्मेट नसल्याचा कमाल दंड अडीच लाख रुपिया आहे. आकडा ऐकून छाती दडपते, पण रुपयांत तो दीड हजाराच्या आत बसतो. दंड किती हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून मात्र कितीही पैसे काढता येतात. 2013 मध्ये एका डच पत्रकाराने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेला बालीचा पोलीस दोन लाख रुपिया घेऊन बिनहेल्मेटच्या स्वाराला सोडतो आणि वर त्याच पैशांतून दोघांसाठी बिअर मागवतो! एवढा दिलदार हवालदार सगळ्यांच्या नशिबी नसतो.

आता आपल्याकडे पाहू. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओत हजार रुपयांच्या शुल्कात मिळतो आणि वर्षभर चालतो. तरी तो न काढता बालीत स्कूटर भाड्याने घेणाऱ्या भारतीयांची वाण नाही, कारण ‘तिकडे बघून घेऊ’. रस्त्यावर अडवले की नोटेची घडी पुढे करायची, हे शिक्षण आपल्याला लायसन्सच्याही आधी मिळालेले असते. साहेबांना चहापाणी, मधल्याला चिरीमिरी, प्रकरण वाढलेच तर ओळखीच्या कुणाला बोलावून मांडवली. हा संस्कार बॅगेबरोबर परदेशात जातो. जिथे तो चालतो तिथे खंडणीखोराला आयते गिऱ्हाईक मिळते. जिथे चालत नाही तिथे काय होते, हे सिंगापूरच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात वाचावे. लाच देऊ करणाऱ्यालाही एक लाख सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. किरकोळ दंडावर मिटणारे प्रकरण एका घडी केलेल्या नोटेने तुरुंगापर्यंत जाऊ शकते.

म्हणून समोरचा पोलीस कायदा चालवतो आहे की दुकान, हे ओळखणे महत्त्वाचे. दुकान चालवणाऱ्याला घाई असते, रोकड हवी असते आणि कागद नको असतो. त्याला शांतपणे सांगावे, की दंड भरतो, पण ठाण्यात आणि पावती घेऊन. प्रत्येक वेळी हे लागू पडेल याची हमी नाही. निर्जन रस्त्यावर, रात्री, मुलेबाळे सोबत असताना पैसे देऊन सुटलेल्याला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. खरी अटक झाली असेल तर नियम वेगळे. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही, दुभाषा मागायचा आणि पहिल्या वाक्यात आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करायची.

कारण या मागणीत खरी ताकद आहे. 1963 च्या व्हिएन्ना कराराचे 36 वे कलम सांगते, की परदेशी नागरिकाला अटक केल्यास त्याला हा हक्क विनाविलंब सांगितला पाहिजे आणि त्याने मागणी केल्यास त्याच्या दूतावासाला तितक्याच तातडीने कळवले पाहिजे. दूतावासाचे अधिकारी त्याला भेटू शकतात, त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करू शकतात. ते त्याला सोडवून आणू शकत नाहीत. तसा गैरसमज घेऊन फोन करणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. या कलमासाठी भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढला, तोही एका मराठी माणसासाठी. कुलभूषण जाधव यांना मार्च 2016 मध्ये पकडल्यानंतर पाकिस्तानने तीन आठवडे भारताला कळवले नव्हते, पुढे फाशी सुनावली तरी दूतावासाच्या अधिकाऱ्यांना भेटू दिले नव्हते. एक रुपया मानधनावर उभे राहिलेल्या हरीश साळवे यांच्या युक्तिवादानंतर 17 जुलै 2019 रोजी न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मतांनी पाकिस्तानला दोषी धरले. हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क जात नाही, असे त्या निकालाने बजावले. हेराचा शिक्का मारलेल्यालाही मिळणारा हक्क पटायात पकडलेल्या पर्यटकाला नक्कीच आहे. तो त्याला माहीत नसतो, एवढेच.

माहीत नसल्याची किंमत सगळ्यात जास्त मोजतात ते निरपराध. 2019 मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला नातेवाईक बाईने कतारची सहल भेट दिली आणि सोबत एक पाकीट. दोहा विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोहून अधिक चरस निघाले. दहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांचे मूल तुरुंगात जन्मले. घरच्यांनी खेटे घातले, एनसीबीने तपास करून अडकवणाऱ्यांना गाठले आणि मग 2021 मध्ये ते निर्दोष सुटले. दोन वर्षांनी शारजात मुंबईचीच एक अभिनेत्री ऑडिशनसाठी म्हणून सोपवलेल्या ट्रॉफीमुळे गजाआड गेली. ट्रॉफीत अमली पदार्थ लपवले होते, आणि तो डाव मुंबई पोलिसांनी इथे उघड केला. दोन्ही प्रकरणांत सुटकेची किल्ली भारतात होती. ती फिरवायला घरच्यांना किती दारे ठोठावावी लागली, ते त्यांनाच ठाऊक.

परराष्ट्र मंत्रालयाने 2025 च्या सुरुवातीला संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशी तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय आहेत. सौदी अरेबिया आणि अमिरातीत प्रत्येकी अडीच हजारांवर. त्यात सहलीला गेलेले थोडे आणि पोटासाठी गेलेले फार. त्यांच्यासाठी 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून गरजूंना वकील देता येतो, छोटे दंडही भरता येतात. 2015 पासून ‘मदद’ हे तक्रार पोर्टल आहे. व्यवस्था नाही असे म्हणता येणार नाही. पण अटकेची बातमी दूतावासाला कधी मिळाली आणि अधिकारी कैद्यापर्यंत कधी पोहोचला, या दोन तारखांमधले अंतर मंत्रालयाने देशवार, दरवर्षी जाहीर करावे. गोपनीयतेच्या कायद्यांमुळे अनेक देश कैद्याच्या संमतीशिवाय माहिती देत नाहीत, हे मंत्रालयाचे म्हणणे खरे आहे. मग अशी संमती द्यायची असते, हे माणसाला विमानात बसण्याआधी कोण सांगणार? दूतावासांनी स्थानिक वकिलांच्या याद्या त्यांच्या शुल्कासह संकेतस्थळावर टाकायलाही कुणाच्या संमतीची गरज नाही.

इथे आपल्या अंगणातही डोकावावे लागेल. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटूला पकडले, कारण तिच्याकडे डोंगरात वाट चुकल्यास संदेश पाठवणारे सॅटेलाइट उपकरण होते. आपल्याकडे ते विनापरवाना बाळगता येत नाही, हे तिच्या गावीही नव्हते. वकील आणि जामीन यांत तिचा खिसा रिकामा झाला. अशा घटनांनंतर विमान वाहतूक नियामक डीजीसीएने विमान कंपन्यांना या बंदीची घोषणा भारतात येणाऱ्या विमानांत करायला सांगितले. असाच उपाय बाहेर जाणाऱ्या प्रवाशांसाठीही करता येईल. दुबईला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या डब्यात दिवाळीचे अनारसे असतात आणि त्यांना लावलेली खसखस अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध तिथे परवानगीशिवाय नेता येत नाही. मुंबईहून सुटणाऱ्या विमानात सीटबेल्ट कसा लावायचा हे दरवेळी दाखवतात. पण सामान बांधून झाल्यावर विमानात ऐकण्यापेक्षा तिकीट काढतानाच, त्या देशात काय नेऊ नये आणि आपल्या दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक कोणता, हे मोबाइलवर मराठीत आणि हिंदीत आले पाहिजे. डीजीसीएला त्यासाठी एक परिपत्रक पुरेसे आहे.