जिनचा गौरव, फेणीची उपेक्षा

गोव्यात गाळलेल्या जिनचे नाव गेल्या काही वर्षांत सातासमुद्रापार गेले आहे. २०१७ साली ‘ग्रेटर दॅन’ ही जिन येथे निघाली. पाठोपाठ २०१८ साली ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ आली आणि लंडनच्या आंतरराष्ट्रीय मद्यस्पर्धेत २०२० साली तिने विशेष सुवर्णपदक पटकाविले. संत्र्या-लिंबांच्या साली, मिरी व जायपत्री यांचा स्वाद तिच्यात उतरविलेला असतो. छोट्या कारखान्यांनी बड्या कंपन्यांच्या बाजारात स्वतःची जागा निर्माण करावी, ही कौतुकाचीच गोष्ट होय. आम्ही मद्यपानाचे पुरस्कर्ते नव्हेत. घटनेच्या ४७ व्या कलमातील मार्गदर्शक तत्त्वाचे आम्हास विस्मरण झालेले नाही. परंतु मद्य गाळले आणि विकले जाणारच असेल, तर त्यातून कोणाच्या पदरात चार पैसे पडतात, हे विचारणे वृत्तपत्राचे कर्तव्य ठरते.

जिनचा पाया म्हणजे धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क. तो इतका शुद्ध केलेला असतो की मूळ पदार्थाचा गंधही त्यात राहत नाही. ऊस बीदर जिल्ह्यातील खटकचिंचोळीच्या शिवारातला असो वा कोल्हापूरचा, त्या मद्यार्कात गावाची खूण उरत नाही. जिनला जिनपण देणारी हपुषाची फळेही आपल्या किनाऱ्यावर पिकत नाहीत. राहता राहिला स्थानिक फळाचा वाटा. तो बहुधा सालीपुरताच. बाटलीवर गोव्याचे नाव ठळक असले, तरी गोव्याच्या बागायतदाराचा त्यातील हिस्सा अल्पच असतो.

फेणीची गोष्ट नेमकी उलट आहे. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू येथल्या डोंगरउतारांवर रुजला आणि गोमंतकीयांनी त्याच्या बोंडूतून स्वतःचे पेय घडविले. बोंडूचा रस आपोआप आंबतो. पहिल्या वाफेचा हुर्राक होतो, तो पुन्हा गाळला की फेणी. वरून स्वाद घालावा लागत नाही. फळ हाच तिचा स्वाद. शिवाय पिकून पडलेला बोंडू एक-दोन दिवसही टिकत नाही, म्हणून भट्टी बागेजवळच लागते. बोंडू वेचणाऱ्या बाईची मजुरी, भट्टीवाल्याची मिळकत आणि बागायतदाराचे उत्पन्न गावातच राहते, ते यामुळेच. शेजारच्या सिंधुदुर्गात बहुतांश बोंडू झाडाखाली कुजून जातो, हे पाहिले म्हणजे या व्यवसायाचे मोल ध्यानात येते.

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ‘देशी दारू’ हा शिक्का पुसला गेला व तिला राज्याच्या वारसा पेयाचा दर्जा लाभला. २०२१ साली फेणी धोरणही आले. मानपत्रांची उणीव नाही. उणीव आहे ती व्यवस्थेची. सुटी फेणी आजही बिनचिठ्ठीच्या बाटल्यांतून विकली जाते. भेसळीची तक्रार तर जुनीच. परिणामी जो प्रवासी जिनसाठी खिसा मोकळा सोडतो, तोच फेणीचा भाव ऐकून घासाघीस करतो. प्रामाणिक भट्टीवाल्याच्या मुलाने मग हा धंदा पुढे का चालवावा?

सरकारने तीन गोष्टी कराव्यात. काजूच्या विभागांची पावणी होते त्याच वेळी लहान भट्टीवाल्यांच्या मालाची अल्प शुल्कात तपासणी व प्रतवारी करण्याची सोय करावी. त्यांनी सहकारी तत्त्वावर एकत्र येऊन बाटल्या भराव्यात, यासाठी परवान्याची वाट सुकर करावी. आणि फळाच्या स्वादाने सजलेल्या प्रत्येक जिनच्या बाटलीवर ते फळ कोणते व कोठले, हे लिहिणे सक्तीचे करावे. कारखानदारांनीही केवळ गोव्याच्या नावावर न थांबता येथील कोकम, करवंद व बोंडू विकत घ्यावेत. जिनच्या यशाचा आम्हास मत्सर नाही. त्या यशात काजूच्या बागेत राबणाऱ्यांचाही वाटा असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.