दक्षिणेचा पैसा कोणाचा? डेक्कन कॉलेजच्या इतिहासातील एक जुना वाद

डेक्कन कॉलेजचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, ते १८२१ साली सुरू झाले. दोन, टिळक आणि आगरकर तेथे शिकले. दोन्ही खऱ्या आहेत. परंतु एवढ्यावरच इतिहास आटोपला की त्यातला मुख्य वाद हातून निसटतो. सार्वजनिक पैशावर चालणारे महाविद्यालय नेमके कोणाचे? माझ्या मते या संस्थेची सारी वाटचाल या एका प्रश्नाभोवती फिरते. थ्रेड लांबला आहे, सवडीने वाचा.

सुरुवात पैशापासून करू. विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या घराण्याकडून आली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले आणि ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात आपल्याकडे घेतली. श्रावणात दूरदूरचे शास्त्री पुण्यात जमत आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात वाटप होई. हा पैसा राज्याच्या महसुलातून, म्हणजे अखेर शेतकऱ्याच्या घामातून येत असे. दक्षिणेच्या वर्णनांत हा शेतकरी सहसा दिसत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. नव्या राज्यकर्त्यांनी दक्षिणेची रक्कम पुष्कळ घटवली, पण प्रथा एकदम मोडली नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना या निधीच्या एका भागातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात ‘हिंदू कॉलेज’ उघडण्यात आले. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक असे विषय होते. शिकवणारे शास्त्री, शिकणारे ब्राह्मण विद्यार्थी, वर त्यांना विद्यावेतन. याला एल्फिन्स्टन यांचे औदार्य म्हणण्याची प्रथा आहे. मला त्यात औदार्यापेक्षा राजकीय सावधपणा अधिक दिसतो. ज्या वर्गाचा आश्रयदाता कालपरवाच गेला होता, त्या वर्गाची नाराजी स्वस्तात शमवण्याचा तो उपाय होता.

पुढे दक्षिणेच्या यादीत नव्या नावांची भर थांबली. जुने धारक निवर्तत गेले, तशी रक्कम शिल्लक पडू लागली. या शिलकीचे काय करायचे? १८४९ मध्ये गोपाळ हरि देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की, यातील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. मागणी केवढी साधी! पण शास्त्रीमंडळी खवळली. धर्मादायाचा पैसा लौकिक भाषेतील पुस्तकांना कसा द्यायचा, असा त्यांचा आक्षेप होता. मराठी गद्याचा इतिहास वाचताना या अर्जाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, असे मला वाटते. दक्षिणा म्हणजे एका जातीचा वारसा नव्हे, तो समाजाचा पैसा आहे, ही कल्पना येथे प्रथमच सरकारी कागदावर उतरू पाहत होती. आणि तिचा पुरस्कार करणारे बहुतेक जण स्वतः ब्राह्मणच होते.

१८५१ मध्ये दोन बदल झाले. दक्षिणा प्राइझ कमिटी आली, आणि संस्कृत पाठशाळा इंग्रजी शाळेशी जोडून ‘पूना कॉलेज’ तयार झाले. त्याचे दार नियमाने सर्वांना खुले होते. नियमाने, हा शब्द मुद्दाम वापरतो. १८५६ मध्ये याच मुंबई इलाख्यात, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, आणि त्याचा अर्ज सरकारनेही तेव्हा मान्य केला नाही. दक्षिणा प्राइझ कमिटीचेही तसेच. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक तिने स्वीकारले नाही. पैशावरचे नाव बदलले, तिजोरीवरचे हात फारसे बदलले नाहीत.

१८६८ मध्ये महाविद्यालय येरवड्याच्या बाजूच्या नव्या दगडी इमारतीत गेले आणि त्याला आजचे नाव मिळाले. या इमारतीसाठी जमशेटजी जीजीभाई घराण्याची एक लाखाची देणगी होती. ती लक्षात ठेवा, पुढे तिनेच संस्थेला तारले.

कीलहॉर्न, रा. गो. भांडारकर अशा अध्यापकांचा आणि चिपळूणकर-टिळक-आगरकर-राजवाडे अशा विद्यार्थ्यांचा तो काळ सर्वपरिचित आहे, म्हणून पुढे जातो. फक्त एक निरीक्षण. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या याच तरुणांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले, त्यातून १८८५ मध्ये फर्ग्युसन उभे राहिले. इकडे १८८२ च्या हंटर आयोगाने उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे, अशी दिशा दाखवली होती. खासगी संस्था समर्थ झाल्या की ‘मग सरकारी कशाला?’ हा प्रश्न येतोच. माझा तर्क असा की, डेक्कन कॉलेजच्या संकटाचे बीज त्याच्याच विद्यार्थ्यांच्या यशात होते.

१९३४ मध्ये, मंदी आणि काटकसरीच्या दिवसांत, सरकारने महाविद्यालय बंद केले. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी कायद्याचा मार्ग धरला आणि जीजीभाईंच्या देणगीकडे बोट दाखवले. लोकांचे दान घेऊन सरकार त्या दानाचा हेतू परस्पर मोडू शकत नाही, असा त्यांचा पवित्रा होता. १८४९ च्या अर्जदारांचा प्रश्न येथे उलट्या बाजूने उभा राहिला. तेव्हा निधी एका गटाच्या हातून सोडवायचा होता, आता सरकारच्या हातून.

१७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली, पण पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. कात्रे, सांकलिया, इरावती कर्वे आले. भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि समाजशास्त्र या विषयांना महाराष्ट्रात घर मिळाले. नेवाशाचे उत्खनन आणि घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ असे चाललेले काम याच परंपरेतले. इनामगावात हाती आली ती राजांची यादी नव्हे, तर शेतकऱ्यांची घरे, चुली, धान्य आणि दफने. दक्षिणेच्या वर्णनांत न दिसणारा शेतकरी या संस्थेच्या कामात असा, तीन हजार वर्षांमागून, आला.

तरीही हा विजय पुरा नव्हता, असे माझे मत आहे. बी.ए.चे वर्ग गेले ते गेलेच. १८५१ मध्ये ज्या दारासाठी एवढा खटाटोप झाला, ते खालच्या पायरीचे दार १९३९ मध्ये कोणी मागितलेले दिसत नाही. संशोधन वाचले याचा आनंद मानताना आपण ही वजाबाकी करत नाही.

आता राहिला वेळेचा हिशेब. १९४८ मध्ये येथे ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत कोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. पहिला भाग छापून आला तो १९७६ मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी. काम अजून सुरू आहे आणि कोश ‘अ’ या अक्षराच्या फारसा पुढे गेलेला नाही.