हाड कुठं गेलं?

डिसेंबरची २६ तारीख उजाडली, की अमेरिकेतल्या झाडून साऱ्या वर्तमानपत्रांना, मासिकांना आणि टीव्हीवरच्या सकाळच्या कार्यक्रमांना एकच चिंता लागते. उरलेल्या हॅमचं काय करायचं? मग याद्या येतात. उरलेल्या हॅमचे २५ प्रकार, ५० प्रकार, मागे एकदा तर १०१ सुद्धा पाहिले. ईस्टर झाला की परत त्याच याद्या, फक्त फोटोतला लाल रुमाल जाऊन तिथं पिवळा आलेला असतो. वीस-बावीस वर्षं मी हे वाचतोय, त्यातले बरेच प्रकार करून पाहिलेत, आणि आता माझं स्पष्ट मत झालंय की या याद्या म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. उरलेलं संपवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

आधी एक खुलासा. आमच्या घरी मासे, मटण सगळं चालायचं, डुक्कर मात्र कधीच नाही. हॅमशी माझी गाठ पडली ती नोकरीमुळे. ओहायोत ज्या ठिकाणी मी कामाला लागलो, तिथं नाताळच्या आधी प्रत्येकाच्या हातात एक मोठं थोरलं हॅम ठेवायची पद्धत होती. २००३ साली पहिलं घरी आणलं. नऊ पौंड, म्हणजे चार किलोच्या वर. बायको शाकाहारी. तिनं त्या सोनेरी कागदातल्या धुडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आणलंयस ना, मग तूच निस्तर." हाडासकटच्या हॅमचा इथला ढोबळ हिशेब माणशी अर्ध्या पौंडाचा. अठरा माणसांचं जेवण आणि खाणारा मी एकटा!

(ज्यांना डुकराचं नावही नको, त्यांनी पुढं हॅमच्या जागी दिवाळीचा फराळ किंवा लग्नातले बुंदीचे लाडू वाचावेत. मुद्दा फारसा बदलणार नाही.)

तर मी एक यादी उघडली आणि त्यातलं हॅमचं कॅसरोल करायला घेतलं. कॅसरोल म्हणजे खोलगट भांड्यात सगळं एकावर एक रचायचं, वर चीज घालायचं आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. साहित्य वाचा. उरलेलं हॅम दोन कप. मग क्रीम चीजचं एक पाकीट, किसलेल्या चेडरची एक पिशवी, क्रीम ऑफ मशरूम सूपचा एक डबा, नूडल्स, लोणी, आणि वरून भुरभुरायला खारी बिस्किटं चुरून. यातलं हॅम सोडून घरात काहीही नव्हतं. दुकानात गेलो, वीसेक डॉलर मोजून आलो. फुकट आलेलं तीनशे ग्रॅम हॅम वाया जाऊ नये म्हणून वीस डॉलर! आणि पाककृतीच्या तळाला लिहिलेलं: आठ जणांसाठी.

म्हणजे आता माझ्याकडे उरलेलं हॅमही होतं आणि उरलेलं कॅसरोलही होतं.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. हाड आणि मी खाल्लेलं वजा जाता जवळपास तीन किलो शिल्लक. दर वेळी तीनशे ग्रॅम धरलं तर दहा कॅसरोलं, प्रत्येकी आठ माणसं, एकूण ऐंशी पानं. चार किलोच्या हॅमपायी आमच्या अपार्टमेंटमध्ये छोटी पंगतच उठवायला हवी होती. यादी लिहिणाऱ्यानं हा हिशेब कधी केला असेल का? मला नाही वाटत. त्याला हॅम संपवायचंच नसतं. त्याला चीज, क्रीम आणि तयार पिठाच्या नळकांड्या संपवायच्या असतात, आणि त्याही दुकानातल्या.

हा काही माझा संशयी स्वभाव बोलत नाहीये. कॅम्पबेल कंपनीनं क्रीम ऑफ मशरूमचं डबाबंद सूप १९३४ साली बाजारात आणलं. इथं थँक्सगिव्हिंगला घरोघरी होणारं फरसबीचं कॅसरोल १९५५ साली त्याच कंपनीच्या प्रयोगघरात, डोर्कस रायली नावाच्या बाईंच्या हाताखाली तयार झालं. सूप खपावं म्हणूनच केलेलं, आणि त्यात त्यांनी काही लपवलेलंही नाही. बाईंचं कौतुकच आहे, सत्तर वर्षं लोक ते खातायत. पण पाककृती म्हणजे जाहिरात असू शकते हे एकदा लक्षात आलं की उरलेल्या हॅमच्या याद्या वेगळ्या दिसायला लागतात. शंभर प्रकारांत हॅम 'दोन कप, बारीक चिरून' याच वेषात येतं. कशावरही शिंपडा. नसलं तरी चालेल.

आणि हाड? शंभरांतल्या नव्वदांत हाडाचा उल्लेखसुद्धा नाही.

हाडाची गोष्ट मला शेजारच्या आजींनी शिकवली. मूळच्या लुईझियानातल्या, नवऱ्याच्या नोकरीपायी ओहायोत आलेल्या आणि त्याच्यामागं तिथंच राहिलेल्या. मी त्यांना माझं कॅसरोल नेऊन दिलं (ते संपवायलाही मदत लागत होतीच). त्यांनी डब्यात पाहिलं, आभार मानले आणि विचारलं, "हाड कुठंय?"

म्हटलं, टाकलं.

त्या काही बोलल्या नाहीत. पण ती नजर माझ्या ओळखीची होती. लहानपणी पानात टाकून उठलो की आजी अशीच बघायची. मला आत कुठंतरी फार लाजल्यासारखं झालं. सातासमुद्रापार येऊन, पहिल्यांदाच हातात आलेल्या एका जनावराचं मी काय केलं होतं? मऊ मऊ तेवढं क्रीममध्ये लपवलं आणि ज्यात खरी चव होती ते कचऱ्याच्या पिशवीत घातलं.

त्यांच्या गावाकडे हॅम रविवारी व्हायचं आणि सोमवारी त्या हाडावर राजमा शिजायचा. सोमवार हा धुण्याचा वार. बायका दिवसभर कपड्यांत गुंतलेल्या, म्हणून आदल्या रात्री भिजवलेला राजमा, कांदा, सेलरी, ढबू मिरची आणि ते हाड असं सगळं पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवायचं आणि विसरायचं. संध्याकाळी भाताबरोबर वाढायचं. न्यू ऑर्लिन्सला आजही सोमवारी कुठल्याही खानावळीत गेलात तर राजमा-भात मिळेल. धुणं मशीनमध्ये गेलं, वार राहिला.

पुढच्या सोमवारी आजींनी मला वाडगाभर पाठवला, हाड अर्थातच त्यांच्या स्वतःच्या हॅमचं. राजमा आपण पंजाब्यांकडून शिकून मसाल्यात बुडवून खातो. यात मसाला जवळजवळ नव्हता. जी चव होती ती धुराची, मिठाची आणि त्या हाडाभोवतीच्या चिवट भागाची, जो पाच तासांत विरघळून रसाला दाटपणा देतो. आठवडाभर जे हॅम मला नकोसं झालं होतं, ते या वाडग्यात चमचाभरसुद्धा नव्हतं आणि तरी सगळीकडे होतं.

मग मी शोधायला लागलो, आणि दिसलं की हॅमच्या उरलेल्याचे खरे पदार्थ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि जवळजवळ सगळे कडधान्याचे आहेत. वाटाण्याच्या डाळीचं दाट सूप. पांढऱ्या घेवड्याचं सूप, जे अमेरिकन सिनेटच्या उपाहारगृहात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मेन्यूवर आहे. आणि दक्षिणेकडचं हॉपिन जॉन, म्हणजे चक्क चवळीभात! पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर चवळी इथं आली, आणि आज दक्षिणेत १ जानेवारीला ती खाल्ली की वर्ष चांगलं जातं असं मानतात. नाताळाच्या हॅमचं हाड आठवडाभरात कुठं पोचतं ते बघा. पातेलंभर चवळीला एक हाड पुरतं. ज्यांच्या वाट्याला बऱ्याचदा हाडच येत होतं, त्यांनी हे शोधून काढलं. तेव्हा पाकिटातल्या चीजचा किसही नव्हता आणि १०१ प्रकारही नव्हते.

मुळात हॅम हे उरलेलंच आहे हो! थंडीच्या तोंडावर डुक्कर मारायचं, एवढं मांस एकदम संपणार नाही, म्हणून मांड्या खारवून, धुरी देऊन टांगून ठेवायच्या. वसंतात त्या तयार होतात, म्हणून ईस्टरला हॅम. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यासाठी मासे खारवून ठेवतात, तोच हिशेब. व्हर्जिनियात स्मिथफील्ड नावाचं गाव आहे, तिथल्या संग्रहालयात १९०२ साली खारवलेलं एक हॅम अजून जपून ठेवलंय. ग्वॉल्टनी नावाच्या तिथल्या व्यापाऱ्यानं त्याला पितळी पट्टा करून घातला होता आणि खारवलेल्या मांसाला बर्फाची गरज नाही हे दाखवायला तो ते बरोबर घेऊन हिंडायचा. कुत्रं फिरवावं तसं.

आणि आज? दुकानातल्या बहुतेक हॅममध्ये खारं पाणी टोचून भरलेलं असतं. त्याच्या पायऱ्यासुद्धा कायद्यानं ठरवलेल्या आहेत: चरबी वगळून २०.५ टक्के प्रथिनं असतील तर नुसतं 'हॅम', किमान १७ असतील तर 'पाणी घातलेलं हॅम', त्याहून कमी असतील तर 'हॅम आणि पाणी'. आमच्या दूधवाल्या भय्याला हे कळलं असतं तर तो कृतकृत्य झाला असता. त्यावर ते आधीच गोल गोल कापून ठेवायची सोय. ती सोयीची आहे, मान्य. पण असं कापलेलं, शिजवलेलं हॅम फ्रीजमध्ये तीन ते पाच दिवसांच्या वर ठेवू नये असं इथलं कृषी खातं सांगतं. टिकावं म्हणून जन्माला आलेला पदार्थ आपण नासका केला, आणि आता तो नासायच्या आत संपवायच्या याद्या वाचतोय. याच कृषी खात्याच्या अंदाजानं इथलं तीस ते चाळीस टक्के अन्न वाया जातं. त्यात भर घालायला मी माझं हाड दिलं होतंच.

तुम्ही म्हणाल, एवढं काय चिडायचं? कोणी हॅमवर चीज घालून खाल्लं तर तुझं काय गेलं? टाकण्यापेक्षा बरं ना? हे मी खूपदा ऐकलंय, आणि टाकण्यापेक्षा बरं हे मान्यही आहे. रात्री सात वाजता दोन पोरं भुकेली असताना कोणी पाच तास हाड उकळत बसणार नाही. तिनं खुशाल अंड्यात हॅम परतावं, पावात घालावं, पाच मिनिटांत मोकळं व्हावं. पण त्याला यादी कशाला लागते? माझं भांडण त्या समजुतीशी आहे की उरलेलं म्हणजे काहीतरी लाजिरवाणं, आणि ते ओळखू न येण्याइतकं बदललं तरच पानात वाढण्यालायक होतं.

ही समजूत आता आपल्यातही आलीये. इथल्या मराठी घरांत होळीच्या दुसऱ्या दिवशी 'पुरणपोळी चीजकेक'चे फोटो येतात. अरे, कटाची आमटी विसरलात का? पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली, पाणी निथळलं, त्या पाण्याची आमटी. ते पाणी उरणार हे पोळी लाटण्याच्या आधीपासून ठरलेलं, आणि कित्येक घरांत लोक पोळीपेक्षा आमटीवर जास्त तुटून पडतात. गोव्यात नाताळाचं सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करून ठेवतात, रोज गरम करतात आणि ते व्हिनेगरमध्ये मुरत चढत जातं. तिथं 'उरलेलं सोरपोतेल कसं संपवावं' असं कोणी विचारलं तर लोक त्याच्याकडे काळजीनं बघतील.

असो. ज्यांच्याकडे आत्ता हॅम पडून आहे त्यांच्यासाठी, मला आजींकडून मिळालेलं आणि स्वतः चुकून शिकलेलं: हाडावर दोन बोटं मांस ठेवूनच कापा. बाहेरचा साखरेचा पापुद्रा खरवडून काढा, मी पहिल्या खेपेला काढला नव्हता आणि राजम्याचा शिरा झाला होता. मीठ अगदी शेवटी, चाखून, बहुतेक लागतच नाही. लगेच करायचं नसेल तर हाड फ्रीजरमध्ये टाका. आणि पुढच्या वर्षी मुळात अर्धंच आणा, नळीच्या बाजूचं.

ती नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, आता हॅम मी विकतच आणतो. बायको अजूनही शाकाहारी आहे, तिची चवळी मी वेगळ्या पातेल्यात करतो. मुलगी आता कॉलेजात असते. परवा तिचा फोन आला, मैत्रिणींनी मिळून हॅम केलं होतं, उरलंय, काहीतरी रेसिपी पाठव म्हणाली. मी विचारलं, "हाड कुठंय?"

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग कचऱ्याच्या पिशवीची खसखस ऐकू आली.