तबकडी श्रेष्ठ की मैफल?

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत सांप्रत एक प्रघात दिसून येतो. आपल्या आवडत्या गायकाच्या किंवा बँडच्या ध्वनिमुद्रिकांचा अनुक्रम लावावयाचा, आणि मग मधल्या सुट्टीत त्यावरून हिरिरीने वाद घालावयाचा. हा प्रघात आम्हांस वाईट वाटत नाही. अनुक्रम लावावयाचा म्हणजे लक्षपूर्वक ऐकावे लागते, आणि लक्षपूर्वक ऐकणे हीदेखील एक विद्याच होय. परंतु या वादाचे घोडे एकाच ठिकाणी वारंवार अडते. स्टुडिओच्या बंद खोलीत तयार झालेली मुद्रिका आणि श्रोत्यांसमोर रंगलेल्या मैफलीचे मुद्रण ही दोन्ही एकाच रांगेत बसवावीत काय? एक पक्ष म्हणतो, स्टुडिओतील गाणे निर्दोष, सबब तेच श्रेष्ठ. दुसरा म्हणतो, मैफलीत जिवंतपणा आहे, सबब तीच श्रेष्ठ. आमच्या मते दोन्ही पक्ष एकाच गजाने दोन निराळ्या वस्तू मोजू पाहतात.

थोडा पूर्वेतिहास पाहावा. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे चाले, आणि १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू होईपर्यंत गायकास मोठ्या कर्ण्यापुढे तोंड करून गावे लागे. ज्या बालगंधर्वांच्या पदांना रंगभूमीवर ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ मिळत, त्यांनाही तबकडीवर तेवढ्या अवधीतच आटोपते घ्यावे लागे. मग या तबकड्या कमी प्रतीच्या म्हणाव्यात काय? मुळीच नव्हे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर या सर्वस्वी मैफलीच्या गायिका. तथापि १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात धाडली, त्यांवरील सोनेरी तबकडीत या बाईंची जी भैरवी आहे ती अवघ्या साडेतीन मिनिटांची आहे. तिला मैफलीचा तुकडा समजणे गैर होय. ती लहान परंतु स्वयंपूर्ण अशी कृती आहे.

उलटपक्षी, ज्यांची तबकडी नाही त्यांचे काय होते तेही पाहावे. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. त्यांचे गाणे मुद्रित होऊन मागे राहिले नाही. त्यांची थोरवी आपणांस केवळ ऐकणाऱ्यांच्या साक्षीवरून आणि मास्तर कृष्णराव, बालगंधर्व यांसारख्या शिष्यांवरूनच ओळखावी लागते. तेव्हा तबकडीस निर्जीव म्हणून हिणविणाऱ्यांनी आपण किती गमावले असते याचा विचार करावा.

आता बँडची गोष्ट. इंग्लंडमधील बीटल्स मंडळींनी १९६६ साली जाहीर दौरे बंद केले, व पुढील वर्षी ‘सार्जंट पेपर’ ही मुद्रिका काढली. ती एकावर एक मुद्रणे चढवून स्टुडिओतच रचलेली. तिची परीक्षा स्टुडिओतील कृती म्हणूनच झाली पाहिजे. आपला रागविस्तार मात्र श्रोत्यांसमोर, त्यांची दाद घेत, त्या घटकेस सुचत जातो. म्हणून आमचे म्हणणे असे की, जे गाणे जेथे जन्मले तेथेच त्याची कसोटी घ्यावी. स्टुडिओत रचलेल्या कृतींची एक रांग करावी, मैफलीच्या मुद्रणांची दुसरी. मैफलीत कोणी खोकला म्हणून गुण कापू नयेत, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणून वाढवूही नयेत. टाळी ही श्रोत्यांची असते, सूर गायकाचा असतो.

हा वाद आम्हांस केवळ करमणुकीचा वाटत नाही, याचे कारण निराळे आहे. हल्ली स्टुडिओत गायकाचा चुकलेला सूर यंत्राने सुधारता येतो. रात्रंदिवस असेच गाणे ऐकून सवयलेल्या कानास मनुष्याचा स्वाभाविक आवाज सदोष वाटू लागतो. वर्गातील एखादी मुलगी धीर करून गावयास उभी राहते, तिचा सूर किंचित हलतो, आणि मागील बाकावर हशा पिकतो. पुढच्या वर्षी ती गात नाही. स्नेहसंमेलनात गाणारी मुले कमी होत जातात, आणि मुद्रित गाण्यावर नाचणारी वाढत जातात. यात नाचणाऱ्यांचा दोष नाही. परंतु गाणारा गळा गप्प बसला, ही हानी लहान नव्हे.

पालकवर्गास आमची विनंती आहे. मोबाइलवर सर्व काही घरबसल्या मिळते, मग मुलांस बाहेर कशास न्यावे, असे म्हणू नये. पुण्यामुंबईच्या मैफली आपणांस दूर आहेत, हे खरे. परंतु शेगावची पालखी आषाढीपूर्वी परभणी-गंगाखेडवरून पंढरीस जाते, तेव्हा टाळमृदंगाचा गजर आपल्या रस्त्यावरच असतो. गावोगावी कीर्तने होतात. तेथे मुलांस न्यावे, व गाणारा कोठे श्वास घेतो, कोठे चुकून सावरतो, हे त्यांस पाहू द्यावे.

आणि विद्यार्थिमित्रहो, भीमसेन जोशी यांचे उदाहरण ध्यानात ठेवा. अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी ऐकून गदगच्या या बालकास गाण्याचा असा ध्यास लागला की, १९३३ साली तो गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला, आणि अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी शिकावयास राहिला. घर सोडून जाण्याचा कित्ता तुम्ही अर्थातच गिरवू नये! परंतु त्या बालकाने तबकडी ऐकून तिचा क्रमांक लावला नाही. ते गाणे आपल्या गळ्यातून कसे निघेल, याचा त्याने शोध घेतला. तुम्हीही आपले अनुक्रम खुशाल लावा. मात्र वर्गात कोणी गावयास उभे राहिले, तर हसू नका, ऐका.