बाटली बदलण्याआधी पाणपोई हवी

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी पुणे सोडल्यानंतर लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची असे मुक्काम करीत बारामतीत येते. पुढे काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवाडी आणि इंदापूरचे गोल रिंगण असा सोहळा होत ती सराटीहून नीरा ओलांडते आणि सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. या संपूर्ण वाटेवर वारकऱ्याला पाणी पाजणे हे पुण्यकर्म मानले जाते. एके काळी हे पाणी माठातून, रांजणातून, पितळी घागरीतून दिले जाई. दिंडीत डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चालणारी बाई असे. आता त्यांच्या जोडीला पॅकबंद पाण्याची खोकी आली आहेत. मंडळे, पतसंस्था, राजकीय पक्ष, उद्योजक ती मुक्तहस्ते वाटतात. पालखी पुढे सरकते आणि रस्त्याच्या कडेला, ओढ्यांत, उसाच्या बांधांवर रिकाम्या बाटल्यांचा खच मागे राहतो.

वारी हे केवळ ठळक उदाहरण. लग्नाच्या पंगतीत प्रत्येक पानाशेजारी दोनशे मिलिलिटरची बाटली ठेवणे हा आता पाहुणचाराचा भाग झाला आहे. सभा-संमेलने, कारखान्यांच्या वार्षिक सभा, शाळांची स्नेहसंमेलने, सरकारी बैठका यांतही हेच चित्र दिसते. त्यावर उपाय म्हणून सांगितले जाते ते एकच: प्रत्येकाने आपली स्टीलची बाटली सोबत बाळगावी. हे आवाहन चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. कारण पुन्हा वापरता येणारी बाटली पुन्हा भरावीही लागते. ती कोठे भरायची आणि त्या पाण्यावर विश्वास कसा ठेवायचा, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज हे आवाहन हवेत विरणार.

कायद्याची पळवाट

प्लास्टिकबाबत महाराष्ट्राने कायदा करण्यात कसूर केलेली नाही. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पिशव्या, थर्माकोलची ताटे, चमचे यांवर बंदी आली. पाण्याच्या बाटल्या सरसकट बंद न करता, त्यांवर एक-दोन रुपयांची परतावा किंमत छापावी आणि ग्राहकाकडून बाटली परत घ्यावी, अशी तरतूद होती. रिकामी बाटली दुकानदाराला देऊन पैसे परत घेतल्याचे किती वाचकांना आठवते? ज्या तरतुदीचा अनुभव ग्राहकाला येत नाही, ती कागदावरच राहिली असे म्हणणे भाग आहे.

१ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली. त्या यादीत स्ट्रॉ, चमचे, प्लेट, पेले आहेत. पाण्याची बाटली नाही. तिच्यासाठी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी हा वेगळा मार्ग ठेवण्यात आला. त्यानुसार अशा कठीण प्लास्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्चक्रित प्लास्टिक वापरण्याचे बंधन घालून ते २०२८-२९ पर्यंत ६० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरले. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी त्यातून बाटलीचा पुनर्वापर वाढतो. बाटलीचा वापर कमी होत नाही. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद पाण्यावरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तहानलेल्या प्रवाशाला दिलासा म्हणून हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण एकीकडे बाटली टाळा म्हणायचे आणि दुसरीकडे तीच स्वस्त करायची, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

गोळा होणाऱ्या कचऱ्याचेही एक अर्थकारण आहे. रिकाम्या पेट बाटलीला भंगारात भाव मिळतो, म्हणून कचरावेचक ती उचलतात. परंतु पंगतीतल्या छोट्या बाटल्या किलोभर व्हायला शंभराच्या आसपास वेचाव्या लागतात. त्यामुळे सर्वांत निरुपयोगी बाटली हीच सर्वांत दुर्लक्षित राहते आणि अखेर शेतात जाळली जाते किंवा ओढ्यातून वाहत जाते.

नळावरचा विश्वास का उडाला?

बारामती आणि इंदापूर हे तालुके बाहेरून पाण्याने समृद्ध दिसतात. ब्रिटिश काळात बांधलेल्या नीरा डाव्या कालव्याने येथे ऊस पिकवला, साखर कारखाने उभे केले. तथापि पिण्याच्या पाण्याचे चित्र तितके हिरवे नाही. सुपे-मोरगाव परिसराचा जिरायती पट्टा आजही पावसाच्या भरवशावर आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती आणि इंदापूर ही दोन्ही नावे होती. बागायती पट्ट्यात पाणी आहे. पण वर्षानुवर्षांच्या सिंचनाने आणि रासायनिक खतांनी अनेक ठिकाणी जमिनी खारवटल्या, विहिरी-बोअरचे पाणी मचूळ झाले. अशा पाण्याने ऊस येतो, तहान भागत नाही.

इंदापूरची कथा तर पुणेकरांनी लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. तालुक्याच्या पूर्वेला उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचा हा जलाशय भीमेवर आहे. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते. पिंपरी-चिंचवडची पवना मुळेत येते. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेत विसर्जित होते. म्हणजे दोन महानगरांचे आणि त्यांच्या भोवतीच्या उद्योगांचे सांडपाणी, जे शुद्ध झाले ते आणि जे झाले नाही तेही, अखेर उजनीत येऊन स्थिरावते. उन्हाळ्यात जलाशयाच्या कडेला पाण्यावर हिरवा तवंग धरतो. मासेमारी करणारे आणि काठावरचे शेतकरी गेली अनेक वर्षे याबद्दल तक्रार करीत आहेत.

मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये करार झाला. दररोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचे ११ सांडपाणी प्रकल्प उभारायचे ठरले. हे काम मूळ मुदतीत पूर्ण होऊ शकले नाही. या दिरंगाईची किंमत कोण मोजते? नदीच्या खालच्या अंगाला राहणारा माणूस. त्याचा नळावरचा विश्वास उडतो आणि तो जार किंवा बाटली विकत घेतो. मग आषाढात आपण त्याच मार्गाने जाणाऱ्या वारकऱ्यांसाठी बाटल्यांची खोकी पाठवतो. नदी नासवायची आणि बाटलीचे दान करायचे, यात पुण्य किती आणि प्रायश्चित्त किती, याचा विचार शहरांनी केलेला बरा.

बाटलीबंद म्हणजे निर्धोक?

बाटलीमागे भीती आहे आणि ती निराधार नाही. पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जानेवारी २०२५ मध्ये गुईलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवले गेले. लोकांनी साहजिकच जारच्या पाण्याकडे धाव घेतली. परंतु महापालिकेने त्या भागातील खासगी आरओ प्रकल्पांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील काहींचे पाणीही पिण्यास अयोग्य निघाले आणि ते प्रकल्प बंद करावे लागले. विकतचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हे समीकरण तेथे खोटे ठरले. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये पॅकबंद पिण्याच्या पाण्याचा समावेश अतिजोखमीच्या खाद्यपदार्थांत करून त्याची तपासणी कडक केली.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे सूक्ष्मकण आढळल्याचे दाखवून दिले. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे विज्ञानाने अद्याप ठरवलेले नाही. म्हणून घबराट पसरवण्याचे कारण नाही. मात्र बाटली ही शुद्धतेची हमी आहे, हा समज सोडून द्यायला हवा. पूर, साथ किंवा अपघात अशा प्रसंगी बाटलीबंद पाणी उपयोगी पडते, हे मान्य करूनही रोजच्या व्यवहारात तिला पर्याय शोधता येतो.

पाणपोईपासून ‘नाथजल’पर्यंत

हा पर्याय आपल्याला नवा नाही. वैशाखात अक्षय्य तृतीयेला उदककुंभ दान करण्याची, उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोई घालण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. प्रवासाला निघताना फिरकीचा तांब्या बरोबर घेण्याची रीत घरोघर होती. आजच्या स्टीलच्या बाटलीचा तो पूर्वजच. पण त्या तांब्याला जागोजागी विहीर, आड, पाणपोई यांची साथ होती. एसटी स्थानकावरची तोटी कोरडी पडली, तिच्याभोवती शेवाळ साचले, तेव्हा तांब्याही माळ्यावर गेला.

रिकामी झालेली ही जागा बाजाराने भरली. एसटी महामंडळानेही २०२० मध्ये स्वतःच्या नावाने बाटलीबंद पाणी विकायला सुरुवात केली. त्याला नाव दिले ‘नाथजल’. संत एकनाथांनी काशीहून आणलेले गंगेचे पाणी तहानलेल्या गाढवाला पाजल्याची कथा मराठी मुलांना शाळेतच कळते. त्या नाथांच्या नावाचे पाणी विकत घ्यावे लागते, हा काळाचा महिमा. प्रवाशाला वाजवी दरात चांगले पाणी मिळावे हा हेतू योग्यच होता. पण स्थानकावर स्वच्छ पाणी विनामूल्य उपलब्ध करणे ही सार्वजनिक संस्थेची पहिली जबाबदारी आहे, बाटली विकणे ही नंतरची.

काय करता येईल?

अनेक गावांत ग्रामपंचायतींचे किंवा खासगी आरओ प्रकल्प साधारण पाच-दहा रुपयांत वीस लिटर पाणी देतात. म्हणजे लिटरमागे पंचवीस ते पन्नास पैसे. तेच पाणी बाटलीत घेतले तर अठरा-वीस रुपये, किमान पस्तीस पट. लोक आपले भांडे घेऊन या प्रकल्पावर जातात. तेथे कोणीही प्रबोधन करावे लागलेले नाही. सोय आणि खात्री असेल तर माणूस बाटली विकत घेत नाही, याचा हा रोकडा पुरावा. आरओमध्ये बरेच पाणी वाया जाते, ही त्यातील त्रुटी आहे. म्हणून गावाचे पाणी स्रोतापाशीच शुद्ध ठेवणे हाच टिकाऊ मार्ग. तोवर प्रत्येक प्रकल्पावर आणि सार्वजनिक नळावर पाण्याच्या तपासणीचा ताजा अहवाल मराठीत लावणे बंधनकारक करावे. त्याला फारसा खर्च येत नाही आणि विश्वास त्यातूनच वाढतो.

यंत्र बसवून भागत नाही, हे रेल्वेने दाखवून दिले. स्वतःच्या बाटलीत पाच रुपयांत लिटरभर पाणी देणारी यंत्रे अनेक स्थानकांवर आली आणि कंत्राटांच्या वादात व देखभालीअभावी त्यांतील कित्येक बंद पडली. म्हणून बारामती आणि इंदापूरच्या बसस्थानकांवर, बाजार समित्यांत, रुग्णालयांत पाणपोई उभी करायची तर उद्घाटनाच्या फलकाआधी देखभालीची जबाबदारी कोणाची, हे ठरले पाहिजे.

जेथे बाटली टळत नाही, तेथे ती परत येण्याची व्यवस्था हवी. केदारनाथच्या वाटेवर २०२२ मध्ये बाटलीमागे दहा रुपये अनामत घेऊन, क्यूआर कोड लावून, रिकामी बाटली परत देणाऱ्याला पैसे देण्याची योजना सुरू झाली. जर्मनीत २००३ पासून अशीच अनामत आहे. आपल्याकडे कायद्यातील एक-दोन रुपयांची रक्कम इतकी क्षुल्लक की तिच्यासाठी कोणी वाकणार नाही; दहा रुपयांसाठी वाकेल. सिक्कीमने २०२२ पासून लहान बाटल्यांवर बंदीच घातली. पण त्या राज्याला डोंगरातील झरे आहेत, इंदापूरला उजनी आहे, हा फरक विसरून थेट बंदीचा हट्ट धरू नये.

वारीच्या बाबतीत एक अनुभव आशादायक आहे. उघड्यावरील शौचाचा प्रश्न कधी सुटणार नाही, असे एके काळी बोलले जाई. ‘निर्मल वारी’ उपक्रमातून मुक्कामाच्या ठिकाणी फिरती शौचालये उभी राहिली आणि वारकऱ्यांनी ती वापरली. पाण्याबाबतही हेच करता येईल. बाटल्यांची खोकी वाटणाऱ्या मंडळांनी त्याच पैशातून तोट्या लावलेले, तपासलेल्या पाण्याचे टँकर आणि माठ ठेवावेत, प्रशासनाने त्यांच्या जागा आखून द्याव्यात आणि परवानगी देताना छोट्या बाटल्या नाकाराव्यात. मंगल कार्यालयांनाही तोच नियम लागू व्हावा. पंगतीत जग आणि पेले परत आल्याने कोणाचा पाहुणचार कमी होत नाही.

आपली बाटली आपण बाळगणे ही नागरिकाच्या वाट्याची गोष्ट आहे आणि ती आजपासून करता येईल. परंतु ती भरेल असे पाणी रस्त्यात ठेवणे ही शासनाची, आणि नदी नासवणार नाही याची काळजी घेणे ही वरच्या अंगाच्या शहरांची जबाबदारी आहे. ती पार पडली नाही, तर स्टीलची बाटली हौशी लोकांच्या पिशवीत राहील आणि तहानलेला माणूस पूर्वीप्रमाणेच दुकानाकडे वळेल.